बाटलीवरची लाल चिठ्ठी

राई, भाईंदरजवळ
९ फेब्रुवारी १९६४

सुगंधा बाळ,

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग बाकीचं. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? थंडी सरेपर्यंत निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांग. मागेही लिहिलं होतं, पण तुझ्या सासूबाई कंपाउंडरचं ऐकतात की नाही ते तूच जाणे. जावईबापूंचा खोकला गेला का? एसटीच्या कंडक्टरला धूळ चुकत नाही, पण चहावर चहा ढोसू नका म्हणावं, हळदीचं दूध घ्या. म्हैस व्यायली असेल एव्हाना. रेडी झाली की रेडा? आणि तू? तुझं शेवटी विचारतोय, कारण या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीन पत्रांत आलेलं नाही. जेवतेस ना? झोप लागते का?

इकडे तुझ्या आईचा दमा थंडीमुळे जरा वर आहे. मी ठीक. सकाळी राईहून चालत भाईंदरला दवाखान्यात, संध्याकाळी परत. डॉक्टरसाहेब तुझी चौकशी करतात.

परवा लुईस येऊन गेला. तोच गं, उत्तनचा, मलेरिया खात्याचा. दर पंधरवड्याला सायकलवरून येतो, 'ताप हाय काय कोनाला?' म्हणून ओरडतो, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतो, पांढऱ्या गोळ्या देतो आणि दाराच्या चौकटीवर खडूने तारीख टाकून पुढे जातो. मला म्हणतो, "मामा, दोन वर्सांत मलेरिया खलास. मंग तुमच्या त्या कडू पान्याचं काय करनार? भेंडीला घाला." मी म्हटलं, "लेका, तुझ्या बापाला त्याच कडू पाण्याने उभा केला, म्हणून तू आज सायकल मारतोयस." हसला. पण तारीख टाकताना त्याचा हात थांबला. ऑक्टोबरची तारीख अजून आहे तिथे. तुझी आई ती पुसू देत नाही.

तो गेल्यावर जुनं आठवत बसलो. मी रत्नागिरीहून आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, दवाखान्यात बाटल्या धुवायला लागलो. तेव्हा मिठागरावर दर घरात कोणी ना कोणी गोधडीखाली कुडकुडत असायचं. कुनैनच्या पुड्या पोस्टात मिळायच्या. माणूस पत्र टाकायला जायचा नि तापाचं औषध घेऊन यायचा. जुन्या डॉक्टरांचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातला एकेक शब्द लावत मी शिकलो. सात समुद्रापलीकडे कुठल्याशा डोंगरात सिंकोना नावाचं झाड, त्याची साल कुटून लोक तापावर घ्यायचे. मग गोऱ्यांनी त्याचं बी आणून इकडे दार्जिलिंगला रान लावलं आणि त्या सालीची पांढरी भुकटी आपल्या खाडीकाठापर्यंत आली. आपल्या म्हाताऱ्या सातविणीची साल उकळून द्यायच्या, तीही कडूच. तापाने आणि कडूपणाने जन्माची गाठ मारलेली आहे खरी.

हे सगळं तुला कशाला सांगतोय कोण जाणे. मूळ मुद्द्यापाशी आलं की माझं असंच होतं, गावाला वळसा घालून जातो.

रामू जाऊन चार महिने झाले. चार वर्षांचं पोर. तुझ्या दुःखापुढे मी काय बोलणार? पण एक सांगतो, विहीणबाई त्या दिवशी बोलल्या ते मनातून काढ. नातू गेल्यावर माणूस असंच बोलतं. तापाच्या धावपळीत बाटली हलवायची राहून जाते, वरची चिठ्ठी वाचायची राहून जाते. भल्याभल्यांचं होतं. आम्ही कोणी तुला बोल लावत नाही. मी तर तुला केव्हाच माफ केलंय.

दोन ओळींचं कार्ड टाक. आईला तेवढाच धीर.

तुझे बाबा


राई
२० जून १९७१

सुगंधा,

पेणला नीट पोचलीस ना? शालूला गाडी लागली नाही ना? दीड वर्षाच्या पोरीला घेऊन इतक्या लांब आईच्या बाराव्याला आलीस, याचं बरं वाटलं. विहीणबाईंनी पाठवलं, त्यांचेही उपकार.

तू होतीस त्या चार तासांतलं सगळं मला आठवतंय. शालूला तू कडेवरून उतरवलं नाहीस. मी हात पुढे केले तर ती यायला बघत होती, तूच पदर घालून तिला मागे ओढलीस. तुझ्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मी रागावलो नाही. दारावरच्या जुन्या तारखा बघत तू बराच वेळ उभी होतीस, तेही मी पाहिलं. आता त्या फारशा कोणी टाकत नाही. लुईस येतो, पण ताप कुठेच नसतो, म्हणून ओट्यावर बसून चहा पितो आणि मला चिडवतो. त्याचं पोट सुटलंय. "मामा, मी म्हनलं व्हतं का न्हाय, खलास?" म्हणतो. खरं आहे त्याचं. वर्षभरात मी कुनैनची बाटली एकदाही हातात घेतलेली नाही. मिसळायचं कामच उरलं नाही दवाखान्यात. सगळं कागदात गुंडाळलेलं येतं.

तुझ्या आईचं सांगायचं होतं. शेवटचे दोन दिवस ती एकच बोलत होती. 'पोरीला सांगा.' शेजारच्या धर्माजीच्या घरची माणसं बसली होती, त्यांना वाटलं तिला भ्रम झालाय. धर्माजी मला म्हणाला, "दादा, वयनी काय सांगाया सांगतेय रं?" मी म्हटलं, "असंच, काहीबाही." ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे मी मान हलवली. सांगतो म्हणून.

काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. तू आलीस तेव्हा सांगणारच होतो. समोर पाटावर बसलोही. तू म्हणालीस, "बाबा, काही बोलायचंय का?" आणि मी म्हणालो, "साडेतीनची गाडी आहे, उशीर होईल तुला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पुढच्या पत्रात लिहितो. शालूला जपा. तुला काही लिहावंसं वाटलं तर लिही.

बाबा


राई
९ ऑक्टोबर १९७६, सकाळ

सुगंधा,

आज कोणाची विचारपूस करत नाही. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, लुईसच्या हाती दिलंय. तो समोर उभा असेल. त्याला बसव, पाणी दे आणि हे शेवटपर्यंत वाच. मधे फाडू नकोस. वाचून झालं की फाड.

जावईबापूंचं कार्ड काल दुपारी आलं. शालूला एकाआड एक दिवस थंडी भरून ताप येतोय, रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि त्या तू चुलीत घातल्यास. ते लिहितात, 'ती म्हणते, माझ्या हातानं एक गेलं, दुसरं घालवायचं नाही. मी द्यायला गेलो तर पोरीला कवटाळून भिंतीकडे तोंड करते. आईलाही जवळ येऊ देत नाही. मामा, तुम्ही औषधातले आहात. तुमचं ऐकेल.'

माझं ऐकेल म्हणे.

तुझ्या हाताने रामू गेला नाही, सुगंधा. माझ्या हाताने गेला.

आता जसं झालं तसं सांगतो. स्वतःला पाठीशी घालायची मला सवय आहे, तेव्हा एखादं वाक्य तसं उतरलं तर तू ओळखशीलच.

तू नवरात्रात माहेरी आली होतीस. रामूला ताप भरला त्याच दिवशी लुईस आला. त्याने रक्त घेतलं आणि गोळ्या काढून तुझ्या आईच्या हातावर ठेवल्या. तू आत रामूपाशी होतीस, तुला हे माहीत नाही. मी त्या गोळ्या उचलून परत त्याच्या पिशवीत टाकल्या. म्हटलं, "माझ्या नातवाला मी औषध देईन. सरकारची खिरापत नको." तो म्हणाला, "मामा, ही गोली चांगली हाय. हट नका करू." मी त्याला दारातून घालवला. का? तर हेवा वाटला. चाळीस वर्षं खल घोटून, तोलून, गाळून मी औषध करायला शिकलो आणि हा कालचा पोरगा खिशातून गोळी काढतो! चिमटीने उचलून देता येते तिला कंपाउंडर कशाला लागतो? हे मला सारखं डाचायचं. नातवाचा ताप माझ्या हातच्या औषधाने उतरला, असं चारचौघांत म्हणायचं होतं मला.

डॉक्टरसाहेब गावी गेले होते, दवाखान्याची किल्ली माझ्याकडे. कुनैन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्यात चार थेंब आम्ल घालावं लागतं. मग पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आणि बाटली उन्हात धरली की कडेला निळी झाक मारते. ती निळी झाक दिसल्याशिवाय मी कधी बाटली कोणाच्या हातात दिली नव्हती. त्या दिवशी आम्लाची बाटली काढली तर तळ कोरडा. बोरिवलीला जाऊन आणता आलं असतं. उद्या बघू म्हटलं. भुकटी गोंदाच्या पाण्यात घोटली, संत्र्याच्या सालीचा गोड पाक घातला आणि बाटली भरली. असंही करतात, त्यात खोट नाही. पण मग भुकटी विरत नाही, नुसती तरंगते, आणि बाटली ठेवली की सगळी तळाला बसते. म्हणून अशा बाटलीवर लाल चिठ्ठी लावायची. 'हलवून घेणे.' बाटल्या धुणाऱ्या पोरालाही पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

मी नऊ डोसांच्या खुणांची पट्टी कातरून बाटलीला डकवली. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर होता. दोन-चार खिशातही होत्या, नेहमीच असायच्या. पण लावली नाही. घरचीच बाटली, तोंडाने सांगू म्हटलं. घरी आलो तर ओट्यावर धर्माजी, मिठागरात फावडं लागून अंगठा फाटलेला. बाटली तुला दिली, "खुणेप्रमाणे दे" म्हटलं आणि त्याच्या अंगठ्याकडे वळलो. हलवायचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतोय बघ. मी सांगितलं नाही.

तू खुणेप्रमाणेच दिलंस. एक थेंब इकडचा तिकडे केला नाहीस. वरचे डोस म्हणजे नुसतं गोड पाणी, म्हणून ताप हटेना. तू दोनदा येऊन म्हणालीस, "बाबा, उतरत नाहीये." मी म्हणालो, "कुनैनला वेळ लागतो, देत राहा." तिसऱ्या दिवशी दुपारी तू तळाचा डोस दिलास. सगळं कुनैन त्यात होतं.

मग त्याचे कान वाजायला लागले. ओकला. आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना म्हणाला, "आई, दिवा लाव ना." माझ्या त्या जाड पुस्तकात हे लिहिलेलं आहे. कुनैन फार झालं की आधी कान जातात, मग डोळे. ते ऐकलं त्या क्षणी मला सगळं कळलं. तू धावत जाऊन दिवा लावलास आणि त्याच्या तोंडापुढे धरलास. मी बघत होतो. एक शब्द बोललो नाही.

तो गेल्यावर लोक म्हणाले, ताप डोक्यात गेला. तेवढ्यावर राहिलं असतं. पण विहीणबाईंना तार गेली होती. त्या येतील, बाटली मागतील, विचारतील. चोराच्या मनात चांदणं. त्याला पोचवून आल्यावर बायका तुला घेऊन आत बसल्या होत्या. मी फळीवरची रिकामी बाटली उचलली. खळ नव्हती, घरात चूल पेटलेली नव्हती. रामूचा सकाळचा मऊ भात वाटीत तसाच होता. त्यातली दोन शितं घेतली, मागच्या दारी गेलो आणि त्या शितांनी लाल चिठ्ठी बाटलीला चिकटवली. वळलो तर तुझी आई दारात. तिने वाटीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. बोलली नाही. बोलली ती मरताना, दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी बाटली हातात घेऊन विचारलं, "हे काय पाजलंत माझ्या नातवाला?" मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. सगळ्यांसमोर वाचून दाखवली. म्हणालो, "हलवून घ्यायचं होतं. तळाचं एकदम गेलं असणार." त्या तुझ्याकडे वळल्या. "चौथी शिकलीस ना गं? एवढी मोठी लाल चिठ्ठी दिसली नाही तुला?" तू बाटली जवळ धरलीस, लांब धरलीस. म्हणालीस, "बाबा, मला खरंच दिसली नाही हो." आणि मी, तुझा बाप, म्हणालो, "जागरणाने माणसाचं असं होतं."

बाळ, ती चिठ्ठी तुला दिसली नाही, कारण ती नव्हती.

आता शालूचं. मी स्वतः निघालो होतो, पण घोडबंदरच्या फाट्यापर्यंत जातोय तोच थंडी भरली. धर्माजीने परत आणून निजवलं. होय, मलेरिया परत आलाय इकडेही. नव्या चाळींच्या उघड्या टाक्या, कोण बघतंय. लुईसच्या गोळ्या मीही घेतोय, निमूटपणे. तशाच त्याने शालूसाठी तिच्या वयाप्रमाणे मोजून आणल्यात. पाकीट बंद आहे. त्याला माझा हात लागलेला नाही. या हलवायच्या नसतात, तळाला काही उरत नाही. चार घास खायला घाल आणि लुईस सांगेल तशी दे.

तूच दे. जावईबापू देतील, लुईसही देईल, पण तू दे. तुझ्या हातात काही दोष नव्हता गं. कधीच नव्हता.

उशीर करू नकोस. माझा निवाडा नंतर कर. ताप थांबत नाही कोणासाठी.

महिपत


राई
३१ ऑक्टोबर १९७६

सुगंधा बाळ,

शालूला तापाने परत धरलं नाही ना? भूक लागते का? या तापाने पोरं पांढरी पडतात. नाचणीची पेज, मेथी, गूळ-शेंगदाणे असं काही देत जा. विहीणबाईंची तब्येत कशी? जावईबापूंची ड्यूटी आता दिवसाची झाली का? माझा ताप गेला. कान थोडे जड आहेत, पण ते वयाचं.

लुईस त्या दिवशी परतला तो घरी न जाता थेट माझ्याकडे आला. मी गोधडीत होतो. म्हटलं, "बोल." तो म्हणाला, "आधी चा तरी पाजा." मी ओरडलो तेव्हा बोलायला लागला.

"वाचलं तिनं. उभ्या उभ्या. संपलं तशी परत पयल्यापासनं वाचलं. मंग खाली बसली. मी म्हनलं, ताई, गोली. ती म्हनाली, थांब. मंग पोरीला उठवली, भात भरवला, आनि सोताच्या हातानं दिली. पोरगी थुकली. परत दिली. मांडीवर घेऊन बसली मंग."

"आणि माझं काय म्हणाली?"

"काय न्हाय म्हनाली."

लुईसला खोटं बोलता येत नाही. तेरा वर्षं त्यानेही एक गोष्ट पोटात ठेवली होती. त्या गोळ्या मी परत टाकल्या हे त्याने कोणाला सांगितलं नाही, मला लाज वाटेल म्हणून. मी त्याचा हात धरला तेव्हा म्हणाला, "म्हनाली, बाबांना सांग, तेरा वर्सं रोज मी ती बाटली डोळ्यांपुढं आनून बघते. चिठ्ठी व्हती का न्हवती. मला वाटलं, माझं डोस्कं फिरलंय."

बाळ, रामू गेला ती चूक होती. चूक माणसाच्या हातून होते, तिला देव तरी पदरात घेईल. पण तुझ्या डोळ्यांवरचा तुझाच विश्वास मी काढून घेतला, तो दोन शितांनी. त्याला चूक म्हणत नाहीत. मी तुला त्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तुला माफ केलंय. ते पत्र तुझ्याकडे असेल तर जाळ. नाहीतर ठेव. तुला वाटेल ते कर. कोणत्या तोंडाने मी तसं लिहिलं, मला कळत नाही.

विहीणबाईंना मी वेगळं पत्र टाकलं, सगळं लिहून. जावईबापूंचं कार्ड आलं. लिहितात, 'आईने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. त्या दिवशी सुगंधाचं पान तिने स्वतः वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.' ते वाचून मी आत जाऊन बसलो.

इथे ओट्यावर चार माणसं होती तेव्हा त्यांनाही सांगितलं. धर्माजीने आपला अंगठा वर करून बघितला, जुना वण अजून आहे. म्हणाला, "म्हंजे माज्या या अंगठ्यापाय झालं?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, तुझा काही संबंध नाही." तर म्हणतो, "दादा, येवढं पोटात ठेवून तेरा वर्सं आमच्या घरचं पानी पीत व्हतास तू?" उठून गेला. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. अजून तिथेच बसतो. बाकी कोणी औषध विचारायला येत नाही, आणि येऊही नये. दवाखान्याची किल्ली मी डॉक्टरसाहेबांच्या मुलाला नेऊन दिली. त्याने विचारलं का, तर त्यालाही सांगितलं. सांगायला लागलं की सोपं होतं असं नाही. दर वेळी तितकंच जड जातं. पण आता जीभ अडत नाही.

तू ये असं म्हणत नाही. शालूला पाठव असंही नाही. तो माझा हक्क राहिला नाही, आणि तू मनातून कधी माफ केलंस की नाही हे विचारायचंही धाडस नाही. एकच मागतो, ते द्यायचं की नाही तूच ठरव.

त्या तीन दिवसांत रामूपाशी तू एकटी होतीस. मी येऊन जाऊन होतो, नाडी बघायचो नि जायचो. तो काय काय बोलला, काय मागितलं, तुला काय काय दिसत होतं, काय वाटत होतं, यातलं मला एक अक्षर ठाऊक नाही. तू सांगायला तोंड उघडलंस की मी काहीतरी बोलून ते बंद करायचो. कधी म्हणायचो नशीब, कधी म्हणायचो जागरण, कधी साडेतीनची गाडी. विहीणबाईंनी ऐकलं नाही, आईला मी ऐकू दिलं नाही. म्हणजे तेरा वर्षं ते सगळं तुझ्याकडेच पडून आहे.

ते लिही. कितीही पानं होऊ देत. शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाल, अक्षर वाईट आलं तरी चालेल. जावईबापूंकडून नको, तुझ्या हातचं पाठव. अगदी पहिल्या दिवसापासून लिही, ताप भरला तिथून. मी मधे बोलणार नाही. पण बाळ, सत्तरी जवळ आलीय माझी. लवकर लिही.

तुझे बाबा